भिडेखातर ‘हो’ आणि गलतीकरांस १:१०

तिफण:
पुढच्या महिन्यात तरुण संघात दोन तासांचा अभ्यासवर्ग आहे. विषय: माणसांना खूश करायचं की देवाला. गलती १:१० वाचून हा विषय अर्ध्या तासात संपतो. पोरं माना डोलावतात आणि सोमवारी पुन्हा तेच चालू. म्हणून इथे विचारतो.
एक, प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात म्हणतो की मी अजून माणसांना खूश करत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. आणि १ करिंथ १०:३३ मध्ये तोच म्हणतो, मी सगळ्यांना सगळ्या गोष्टींत खूश ठेवायला बघतो. हे जुळवायचं कसं?
दोन, येळवस, कंदुरी, गणपतीची वर्गणी, जामीनकीची सही, हंगामाच्या सणाचा लिलाव. यात रेघ कुठे मारायची?
तीन, नाही म्हणायचं कसं?
स्वतःचे अनुभव नकोत, त्याला साक्षसभा आहे. वचन आणि कृती सांगा.

पाटीपेन्सिल:
पहिला प्रश्न शब्दकोशाने सुटत नाही. दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे, ‘अरेस्को’: आवडणं, पसंत पडणं, खूश करणं. हेच क्रियापद मार्क ६:२२ मध्ये येतं, हेरोदियेची मुलगी नाचली आणि ते हेरोदाला पसंत पडलं. प्रेषितांची कृत्ये ६:५ मध्येही तेच, सात जण नेमायचा विचार सगळ्या समुदायाला पसंत पडला. म्हणजे माणसं खूश झाली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. बैठकीतून सगळे हसत घरी गेले की ‘नक्कीच तत्त्व विकलं’ असं धरून चालणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात, त्यांना कृत्ये ६ वाचायला द्या.

फरक वाक्याच्या शेपटात आहे. १०:३३ पूर्ण वाचा: स्वतःचं हित न बघता पुष्कळांचं, त्यांचं तारण व्हावं म्हणून. रोम १५:२ तसंच: शेजाऱ्याला खूश करा, पण त्याच्या बऱ्यासाठी, उन्नतीसाठी. आणि लगेच पुढच्या ओळीत कारण: ख्रिस्ताने स्वतःला खूश केलं नाही. म्हणजे विचारायचा प्रश्न ‘कोण खूश झालं’ हा नाही, ‘कुणाचं भलं साधलं’ हा आहे.

पौलाला वाईट अर्थाने बोलायचं असतं तेव्हा तो वेगळा शब्द काढतो. इफिस ६:६ आणि कलस्सै ३:२२ मध्ये ‘अँथ्रोपारेस्कोस’, आणि त्याच्या शेजारी ‘ऑफ्थाल्मोडूलिया’, म्हणजे डोळ्यांपुरती गुलामी. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याला ‘तोंडदेखली चाकरी’ म्हटलंय. भाषांतर करणाऱ्याला सलाम. मुकादम फडात असला की कोयता जोरात, मुकादम चहाला गेला की कोयता बांधावर. पोरांना याच्यापुढे काही समजवावं लागणार नाही.

आता उदाहरण. कृत्ये १६:३ मध्ये पौल तीमथ्याची सुंता करतो, तिथल्या यहूद्यांमुळे. गलती २:३ मध्ये तीताची सुंता होऊ देत नाही. माणूस तोच, विधी तोच, निर्णय उलटे. तीमथ्याची आई यहूदी होती, आणि सुंता केल्याशिवाय तुझं तारण नाही असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. सभास्थानात त्याला वावरता यावं एवढाच हेतू. तीत ग्रीक होता, आणि तिथे मागणी अटीसारखी आली होती. लोकांसाठी सोय म्हणून केलं तर चालतं, तीच गोष्ट सुवार्तेची अट म्हणून मागितली की चालत नाही. वर्गात या दोन ओळी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एक तास त्यातच जाईल.

दुधना:
त्याला जोडून गलती २:११-१४ घ्याच. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची यहूदी माणसं आली तसा तो मागे सरला. ग्रीकमध्ये ती क्रियापदं अपूर्ण भूतकाळात आहेत: मागे सरू लागला, वेगळा राहू लागला. एका दिवसात ताट उचलून नेलं असं चित्र नाही. आज उशिरा आला, उद्या कोपऱ्यात बसला, परवा आलाच नाही. त्याला कुणी धमकावलंही नव्हतं; कारण दिलंय ते ‘सुंता झालेल्यांच्या भीतीने’ एवढंच. आणि बर्णबाही त्याच्यामागे वाहवला.

आपल्याकडे हे जेवणावरूनच होतं हे विशेष. मंडळीतल्या प्रीतिभोजनाला कुठल्या वस्तीचे लोक आधी बसतात, पाहुणा पाळक कुणाच्या घरी जेवतो, कुणाच्या घरी फक्त चहा घेतो. गावातल्या बड्या घराला वाईट वाटू नये म्हणून पंगत बदलली जाते, आणि ठराव कुणीच केलेला नसतो. तपासायचं असेल तर मागच्या बारा महिन्यांतल्या पाळकभेटींची यादी काढा, घरानुसार. दुसरा पुरावा लागत नाही.

मांजरा:
येळवशीचं बोलतो. लातूर-धाराशिवकडचे नसतील त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडतात, पूजा, नैवेद्य, मग पंगत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. येते नाताळाच्या आगेमागे, त्यामुळे तोच शेजारी आठ-पंधरा दिवसांत आपल्याकडे केक खायला यायचा असतो. नाही म्हणणं म्हणून जड जातं.

१ करिंथ ८ ते १० मध्ये तीन वेगळ्या जागा आहेत, आणि लोक त्या एकात कालवतात.
पूजेचा भाग म्हणून मांडलेली पंगत, ८:१० आणि १०:१४-२२. इथे पौल सरळ नाही म्हणतो: प्रभूचा मेज आणि तो मेज, दोन्हीकडे वाटेकरी होता येत नाही.
बाजारात विकायला आलेलं मांस, १०:२५. खुशाल घ्या, चौकशी करू नका.
कुणाच्या घरचं बोलावणं, १०:२७-२९. वाढलं ते खा, विचारू नका. पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. तेही सांगणाऱ्यासाठी, त्याच्या विवेकबुद्धीसाठी.

आता शेतात लावू. कोपीसमोर हात जोडणं, नारळ फोडणं ही पहिली जागा. तिथे ‘फक्त उभा राहतो, मनात प्रार्थना करतो’ ही पळवाट. बघणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, जोडलेले हात दिसतात. मोठ्या पातेल्यातून सगळ्यांना वाढलेली भज्जी-आंबील ही तिसरी जागा. बसा आणि खा, भज्जीला धर्म विचारू नका. नैवेद्याचं ताट वेगळं असतं. त्यातलं ‘प्रसाद म्हणून घे’ म्हणत कुणी हातावर ठेवलं तर १०:२८ लागू होतं.

कृतीत चुकतं ते असं. लोक आधी काही बोलत नाहीत, शेतात जातात, ऐन वेळी ‘पोट बिघडलंय’ म्हणतात. एक तर ते खोटं. दुसरं, पुढच्या वर्षी पुन्हा पोट बिघडवावं लागतं. तिसरं, यजमान खुळा नसतो. दोन-तीन दिवस आधी घरी जाऊन सांगा: ‘काका, शेतात येणार, पंगतीला बसणार, वाढायलाही लागतो. पूजेच्या वेळेला मात्र मला कोपीपुढं बोलावू नका, आमच्यात ते चालत नाही.’ एवढंच. प्रवचन नको. आणि गेल्यावर खरंच वाढा. बसून राहिलात तर नकार तेवढा लक्षात राहतो.

सिंदफणा:
मांजरा, येळवशीपुरतं पटलं. कंदुरीला हेच लावता येणार नाही. दर्ग्याला नवस फेडायचा म्हणून बोकड कापतात आणि ते जेवण हाच नवस असतो. वेगळं नैवेद्याचं ताट नाही, सगळं पातेलंच नवसाचं. कुणी कानात सांगायची गरज नाही, ‘कंदुरीला या’ या निमंत्रणातच १०:२८ येऊन गेलं. माझ्या मते जेवायला बसू नये. संध्याकाळी घरी भेटायला जावं, चहा घ्यावा.

आणि एक राहिलं. ८:९-१३ मध्ये जो अडखळतो तो यजमान नाही, शेजारी बसलेला नवा विश्वासी आहे. वर्षभरापूर्वी बाप्तिस्मा झालेला माणूस याच पूजा करत मोठा झाला. तो तुम्हाला पंगतीत बघून आपल्या विवेकबुद्धीविरुद्ध बसला तर तुमचं ज्ञान त्याच्या मुळावर आलं. इथे सबलाने दुर्बलासाठी सोडायचं. पण उलटा घोटाळाही होतो: दर वर्षी तेच चारजण ‘मी दुर्बल आहे, मला अडखळण होतं’ म्हणत अख्ख्या मंडळीला नाचवतात. पौलाच्या लेखी अडखळण म्हणजे दुसऱ्याने बघून पाप करणं. नाक मुरडणं म्हणजे अडखळण नव्हे.

मांजरा:
कंदुरीबद्दल माझं मत थोडं सैल आहे, पण तुमचा मुद्दा वजनदार. रोम १४:५, प्रत्येकाची आपल्या मनाशी खात्री असू द्या. दोन घरांनी वेगळं ठरवलं तर एकमेकांना कमी विश्वासू म्हणू नये.

लिंबोणी:
गणपतीच्या वर्गणीचं दोन ओळीत. मूर्तीच्या पावतीवर नाही, गावाच्या कामाला हो: टँकर, शाळेची खोली, स्मशानाचा रस्ता. रक्कम तेवढीच आणि दिवस तोच, नाहीतर गाव म्हणतं धर्माच्या नावाखाली पैसे वाचवले, आणि बरोबर म्हणतं. मंडळाची पोरं दारात येईपर्यंत थांबू नका, आधीच सरपंचाकडे किंवा शाळेत जमा करून पावती ठेवा.

वहीखातं:
लिलावावर लिहितो, कारण या धाग्यातला सर्वांत मोठा तोंडदेखला व्यवहार आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या आवारातच होतो आणि त्याला आपण देवाचं नाव देतो.

हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कोंबडा, मोसंबीची पाटी, केक आणतात. उपासना झाली की लिलाव. एका भोपळ्याची बोली बाजारभावाच्या वीसपट जाते, ओरडणारा माइकवरून म्हणतो ‘मागच्या वर्षी यांनी एवढे दिले होते, बघू यंदा मागं हटतात का!’ मत्तय ६:२ मध्ये कर्णा वाजवणं म्हटलंय त्याला आता स्पीकर लागतो, एवढाच फरक. तिथलं ‘त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे’ हे ग्रीक क्रियापद ‘अपेखो’, जुन्या व्यापारी पावत्यांवर ‘रक्कम पूर्ण मिळाली’ म्हणून लिहायचे तेच. टाळ्या पडल्या, पावती फाटली, आता वरच्या खात्यात काही येणं नाही.

लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही. म्हातारीने आणलेल्या दोन अंड्यांनाही तिथे मान मिळतो आणि पोरांना मजा येते. पण व्यवस्था अशी लावा:

ओरडणाऱ्याला आधी बजावा: मागच्या वर्षीचा आकडा नाही, आडनाव नाही, ‘अमक्यांच्या इज्जतीचा प्रश्न’ नाही. वस्तू आणि बोली, बस.

उधारीची बोली घेऊ नका. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. जोशात बोललेले पैसे ईस्टरपर्यंत येत नाहीत, मग ट्रेझरर मागत फिरतो, मग ते कुटुंब उपासनेला येणंच कमी करतं. उपदेशक ५:४-५ याचसाठी आहे: नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. रोख किंवा लगेच ऑनलाइन, नाहीतर पुढची बोली.

वस्तू पंधराच्या आत ठेवा. बाकीचं सरळ ठरलेल्या भावाने टेबलावर विका. पंधराव्यानंतर बोली भुकेच्या रागाने लागते.

लिलावाबाहेरचं आभारदान बंद पाकिटात. पाकिटावर नुसता नंबर. नंबर आणि नावाची यादी ट्रेझररकडे, कारण पावती द्यावी लागते; पण वाचून दाखवायची ती फक्त एकूण रक्कम. मोजायला नात्यात नसलेले दोघे, त्याच दिवशी, देवळाचं कुलूप लागण्याआधी, दोघांच्या सह्या. ‘मोठ्या देणगीदारांची नावं तरी वाचा, लोकांना प्रोत्साहन मिळतं’ असं कुणीतरी म्हणणारच. नाव वाचल्यावर पुढच्या वर्षी वाढतात तेही पाहिलेले असतात, आणि ज्याने पन्नास टाकले तो मागच्या दाराने जातो तेही.

हे नवं काही नाही. येशूच्या काळी मंदिरात दानाच्या तेरा पेट्या होत्या, तोंड तुतारीच्या आकाराचं. मिश्ना या यहूदी नियमसंग्रहाच्या शकालिम भागात लिहिलंय. त्याच भागात गुप्त दानाच्या खोलीचाही उल्लेख आहे: देणारा आत जाऊन ठेवायचा, चांगल्या घरातला अडचणीत आलेला आत जाऊन घ्यायचा, कोण कशाला गेला ते बाहेर कळायचं नाही. मार्क १२:४१ मधली विधवा मात्र उघड्या पेटीपुढे आली. तिचं दान येशूने पाहिलं, पण बोलावलं ते शिष्यांना. तिला उभं करून टाळ्या वाजवल्या नाहीत.

तिफण:
वहीखातं, मत्तय ५:१६ पण आहे. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची चांगली कामं पाहावी. पोरं हे विचारणारच.

वहीखातं:
विचारू द्या. ५:१६ चं शेपूट: पाहून ‘स्वर्गातल्या तुमच्या पित्याचा गौरव करावा’. ६:१ चं: ‘लोकांनी आपल्याला पाहावं म्हणून’. काम दोन्हीकडे दिसतंच. पाहून लोक कुणाचं नाव घेतात ते बघायचं. आणि एक धोपटमार्ग: ज्या गोष्टीत लपायचा मोह होतो तिथे उघडं करा, जिथे मिरवायचा मोह होतो तिथे झाका. विश्वास उघडा, पाकीट बंद.

तेरणा:
जामीनकी. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण ज्याने केली त्याने पतसंस्थेच्या ओट्यावर बसून केली असावी.

आधी कायदा नीट सांगा, कारण ‘नुसती सही आहे’ हे वाक्य वर्गातल्या प्रत्येक पोराला कधीतरी ऐकावं लागणार. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणता येत नाही. कलम १३०: चालू राहणारी हमी, उदाहरणार्थ कॅश क्रेडिटची, नोटीस देऊन मागे घेता येते, पण फक्त पुढच्या व्यवहारांपुरती. एकरकमी कर्ज एकदा उचललं गेलं की त्यातून नोटिशीने सुटका नाही.

आता नीतिसूत्रे. २२:२६-२७: जामीन होऊ नको, फेडायला नसलं तर अंगाखालचं अंथरूण ओढून का न्यावं? १७:१८: शेजाऱ्यासमोर हात मारून जामीन होणारा बुद्धिहीन. आणि ६:१-५ मध्ये अडकल्यावर काय करायचं ते: झोपू नको, जा, नमून घे, शेजाऱ्याच्या मागे लाग, सुटून घे. बघा, तिथे ‘प्रार्थना कर’ असं नाही लिहिलेलं, ‘जा’ असं लिहिलंय.

कुणी मागायला आलं तर त्याच दिवशी सही नाही. ‘घरात विचारून परवा सांगतो’, आणि परवा खरंच स्वतः जाऊन सांगा. टाळत राहिलात तर तो तुमच्या भरवशावर दुसरा जामीनदार शोधत नाही, आणि पेरणीची वेळ निघून जाते. मदत करायचीच असेल तर परत नाही आले तरी चालतील एवढी रक्कम ठरवा आणि ती द्या. ‘जामीन होत नाही, पण बियाण्याचे पाच हजार घेऊन जा’ याने नातं तुटत नाही. निदान कोर्टाच्या नोटिशीइतकं तरी नाही.

वर पाटीपेन्सिलने हेरोदाचं क्रियापद सांगितलं, त्याच गोष्टीत पुढे मार्क ६:२६ बघा. त्या मुलीने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर मागितलं, राजा फार खिन्न झाला, पण शपथेमुळे आणि पंगतीला बसलेल्यांमुळे त्याला नाही म्हणवेना. योहानाचं शिर गेलं ते हेरोदाच्या रागाने नाही, भिडेने. भीड म्हणजे चांगुलपणा अशी आपली समजूत असते म्हणून ही ओळ वर्गात मोठ्याने वाचा.

सिंदफणा:
+१. आणि राजा शौल. १ शमुवेल १५:२४ मध्ये कबुली, ‘लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं’. बरी कबुली आहे. पण सहा ओळी पुढे, १५:३० मध्ये: ‘तरी वडील मंडळींसमोर माझा मान राखा’. पश्चात्तापातही प्रेक्षक बघतोय. कबुलीनंतर पहिली मागणी काय येते त्यावर लक्ष ठेवा.

नवी_पेठ:
सगळं ठीक. पण एक प्रश्न कुणी काढला नाही. जातीच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, हे माणसांना खूश करणंच ना? योहान १२:४२-४३ सरळ लागू होतं: विश्वास ठेवला, पण सभाबहिष्कृत होऊ म्हणून कबूल केलं नाही, देवाकडच्या मानापेक्षा माणसांचा मान त्यांना आवडला.

पाटीपेन्सिल:
सरळ लागू होत नाही, आणि या वचनाचा दगड करून गरिबावर फेकू नये. १२:४२ म्हणतं ‘अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळ’. मान गमावण्याची भीती असलेले, खुर्ची असलेले लोक. आपल्याकडे प्रश्न १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा आहे. त्यात हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध, ख्रिस्ती नाहीत. वस्ती तीच, वागणूक तीच, आणि बाप्तिस्म्याने दाखल्याचा कागद जातो, त्याबरोबर सवलतही. यात लोकांची वाहवा मिळवायचा हेतू शोधणं अन्याय आहे. मुलाच्या फीची भीती आहे ती.

खरं बोलण्याची जबाबदारी तरीही उरते, ते नाकारत नाही. शपथपत्रावर खोटं लिहू नये, इतकं स्पष्ट. पण ज्या मंडळीने हे शिकवायचं तिने त्याच बैठकीत विचारावं: कागद गेल्यावर त्या पोराच्या वसतिगृहाचा आणि पुस्तकांचा खर्च आपल्यापैकी कोण उचलणार? किती वर्षं? आकडा वहीत लिहिल्याशिवाय योहान १२ वाचू नये.

दुधना:
किंमत मोजण्याचंच निघालं तर आपल्याच मातीतलं एक नाव. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. पुढे जालन्याला काम आणि जवळच बेथेल गाव वसवलं ते त्यांनीच. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला होता, कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं का यावरून मुंबईत रण माजलं. परत घ्यावं अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. लोक काय म्हणतील याला न जुमानणारा माणूस त्या प्रकरणात देवळाबाहेरही होता. पोरांना हेही सांगा, नाहीतर धैर्य फक्त आपल्यातच असतं असं वाटायला लागतं.

पूर्णा_पलीकडे:
मी उलट टोकाचं लिहिते. ‘मी माणसांना नाही, देवाला खूश करते’ हे वाक्य बहुतेक वेळा भांडण झाल्यावर ऐकू येतं. सासूशी बोलणं बंद, भावाच्या लग्नाला गैरहजर, मुलांवर आवाज, आणि वर गलती १:१०. मार्क ७:११ मधला कर्बान हाच: आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणायचं आणि हात झटकायचे. येशू त्याला भक्ती म्हणत नाही. कलस्सै ३:२० मध्ये आईबापाचं ऐकणं प्रभूला संतोषकारक आहे, १ तीमथ्य ५:४ मध्ये घरच्यांना सांभाळणं देवाला मान्य आहे, इब्री १३:१६ मध्ये उपकार आणि दान. देवाला काय आवडतं याची यादी काढली तर अर्ध्याहून अधिक गोष्टी माणसांशीच करायच्या निघतात.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकांची भीड सोडून तीच भीड देवाला लावणारी माणसं असतात, बायका जास्त. उपास चुकला, आता काहीतरी होणार. सकाळची प्रार्थना राहिली म्हणून गाडी पंक्चर झाली. साहेब बदलला, धडधड तीच. अशा मुलीला ‘देवाला खूश कर’ सांगणं म्हणजे दुखऱ्या खांद्यावर दुसरी घागर. तिला मार्क १:११ दाखवा: ‘तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.’ येशूला हे कधी म्हटलं? यार्देनेच्या पाण्यातून वर येताना. एक आजारी बरा केला नव्हता, एक उपदेश झाला नव्हता. संतोष आधी, काम नंतर. आणि मग त्याच अध्यायात १:३७-३८, ‘सगळे तुला शोधत आहेत’ म्हणून शिष्य आले तर तो म्हणतो, चला दुसऱ्या गावांत. ज्याला १:११ ऐकू आलं त्यालाच १:३८ जमतं. तिफण, वर्ग या क्रमाने घेतलात तर बरं.

तिफण:
क्रम बदलतो, मार्क १ आधी. आता तिसरा प्रश्न. मांजरांनी येळवशीचं वाक्य दिलं तसं बाकीच्यांसाठी काही साचा?

पाटीपेन्सिल:
दानीएल १:८-१६ हाच साचा, फक्त टप्पे वेगळे काढून दाखवा. बाबेलच्या राजाच्या ताटातलं खायचं नाही, हे त्याने मनात आधी ठरवलं. ताट समोर आल्यावर नाही. मग विनंती केली, तीही योग्य अधिकाऱ्याकडे, सगळ्या भोजनगृहासमोर नाही. अधिकारी घाबरला, राजा माझं डोकं घेईल म्हणाला. दानीएलने त्याची भीती हसण्यावारी नेली नाही. खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि पर्याय ठेवला: दहा दिवस, शाकान्न आणि पाणी, मग तुम्हीच बघून ठरवा. मुदत ठरलेली, पर्याय हातात, निकाल समोरच्याकडे. आणि बाबेलची नावं, बाबेलची भाषा, बाबेलची नोकरी याला त्याने नकार दिलेला दिसत नाही. एका ताटाला दिला.

पोरांना जोड्या करून बसवा. एकाने मागायचं, दुसऱ्याने तीन वाक्यांत उत्तर द्यायचं: काय करेन, काय करणार नाही, त्याऐवजी काय. कारण एकाच ओळीचं. चौथं वाक्य आलं की समजा सफाई सुरू झाली, आणि सफाईत माणूस खोटं बोलतो.

तेरणा:
मागणारा जरा हट्टी ठेवा. खरे काका एका नकारात उठत नाहीत.

तिफण:
ठीक. वहीखातं, पाकिटाच्या चिठ्ठीवर नेमकं काय छापायचं ते सांगा, नोव्हेंबरात आमचा सण आहे.

वहीखातं:
पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची. वर नंबर. खाली ‘आभारदान’, तारखेची जागा, रकमेची जागा आकड्यात आणि अक्षरी, त्याखाली मोजणाऱ्या दोघांच्या सह्यांसाठी दोन रेघा. वचन छापायचं असेल तर २ करिंथ ९:७, एका ओळीत. मागची बाजू कोरी ठेवू नका, आडव्या रेघा मारून घ्या, नाहीतर कुणीतरी तिथे नाव लिहितं.